व्हर्जिनियाचा ९४ नंबरचा मतदारसंघ, चिठ्ठीवर गेलेली सीट आणि तुमचं मत

प्रश्न थोडक्यात असा आलाय: आम्ही नुकतेच न्यूपोर्ट न्यूजला शिफ्ट झालो, सिटिझनशिपही आत्ताच झाली. वोटर कार्डावर हाउस ऑफ डेलिगेट्स डिस्ट्रिक्ट ७० लिहिलंय, शेजारचे जुने लोक म्हणतात आपला ९४, आणि वर हेही सांगतात की इथला आमदार एकदा चिठ्ठी काढून ठरवलेला. हे खरं का? आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसते त्या वर्षी मत द्यायला जाण्यात काही अर्थ आहे का? सासूसासरे ग्रीनकार्डवर सोबत आहेत, त्यांना मत देता येईल का?

शेजारी खोटं बोलत नाहीयेत आणि कार्डही चुकलेलं नाही, दोन्ही बरोबर आहे, कसं ते सांगते. मी इथे बरीच वर्षं मतदानाच्या दिवशी निवडणूक अधिकारी म्हणून बसते, म्हणजे पहाटे पाचला केंद्रावर जाऊन टेबलं मांडायची, सहाला दार उघडायचं, संध्याकाळी सातला बंद करायचं आणि मग आकडे जुळेपर्यंत घरी जायचं नाही. रिकाउंटच्या, म्हणजे फेरमोजणीच्या, टेबलावरही बसलेय. कुठल्या पक्षाची ते विचारू नका, त्या कामात ते बाहेरच ठेवायचं असतं. हां, आणि ज्या रिकाउंटची गोष्ट सांगणार आहे त्यात मी नव्हते.

आधी हा डेलिगेट म्हणजे कोण ते बघा. आपल्या भाषेत आमदार. व्हर्जिनियात खालच्या सभागृहात १०० डेलिगेट, मुदत फक्त २ वर्षं, आणि निवडणूक विषम वर्षात, २०१७, २०१९, २०२१ अशी. वरचं सभागृह ४० सेनेटरांचं, मुदत ४ वर्षं, पण आपल्या विधान परिषदेसारखं मागच्या दाराने नाही, तेही थेट मतदानाने. २०२० च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ८६ लाखांच्या वर, म्हणजे एका डेलिगेटमागे साधारण ८६ हजार माणसं, मतदार नाही बरं का, माणसं, पोराबाळांसकट. महाराष्ट्रात २८८ आमदार, २०२४ ला मतदार साडेनऊ कोटींच्या वर, म्हणजे एका आमदारामागे नुसते मतदारच सव्वातीन लाखांच्या पुढे. हा फरक डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इतका छोटा मतदारसंघ आणि त्यात विषम वर्षी निम्मे लोक घरी बसतात, की मग वीसेक हजार मतांत निकाल लागतो.

डेलिगेटचा पगार वर्षाला १७,६४० डॉलर, त्यावर कुणाचं घर चालत नाही, त्यामुळे बहुतेक जण वकिली, मास्तरकी, धंदा असं काहीतरी करून हे करतात. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी त्याहून कमी. मागेपुढे गाड्यांचा ताफा, गुलाल, फ्लेक्स असलं काही नाही, तुमचा डेलिगेट तुम्हाला किराणा दुकानात रांगेत दिसू शकतो. म्हणून आपल्या लोकांना वाटतं की हा काय मोठा माणूस, याच्यासाठी कशाला रजा टाका. इथेच गफलत होते. व्हर्जिनियात महापालिकेला, काउंटीला स्वतःचे अधिकार फार कमी, राज्याने जे दिलं तेवढंच करायचं असा नियम आहे, त्याला डिलन रूल म्हणतात. तुम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात नातेवाइकांकडे गेलात तर फेअरफॅक्स किंवा आर्लिंग्टनमधे दुकानात प्लास्टिकच्या पिशवीला ५ सेंट लावतात बघा, तो ५ सेंटचा कर लावायलासुद्धा आधी राजधानी रिचमंडला विधानसभेने २०२० मधे कायदा करून परवानगी द्यावी लागली, तेव्हा कुठे २०२२ पासून तो लागू झाला. यादवी युद्धातल्या सेनापतींचे पुतळे आपल्याच गावच्या चौकातून हलवायचे तरी तेच, परवानगी रिचमंडहून. शाळांचे पैसे, मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, किमान वेतन, गाडीचा टॅक्स, मत कसं द्यायचं याचे नियम, सगळं तिथे. वॉशिंग्टनमधे काय चाललंय ते आपण दिवसभर टीव्हीवर बघतो आणि रोजच्या जगण्यातलं अर्धं तर या १००-४० माणसांच्या हातात असतं.

आता चिठ्ठीची गोष्ट. खरी आहे, शंभर टक्के.

तेव्हा ९४ नंबर म्हणजे न्यूपोर्ट न्यूज शहराचा एक भाग, तुम्ही राहता त्याच बाजूचा. शिपयार्डचं गाव, अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका अख्ख्या अमेरिकेत फक्त इथे बांधतात. डेलिगेट होते रिपब्लिकन डेव्हिड यान्सी, २०११ ला पहिल्यांदा निवडून आलेले. त्यांच्यासमोर डेमोक्रॅट शेली सिमंड्स, गावच्या स्कूल बोर्डावर निवडून आलेल्या. २०१५ मधेही हीच जोडी लढली होती आणि यान्सी आरामात जिंकले होते. २०१७ ला वारं फिरलं, आदल्या वर्षी ट्रंप निवडून आलेले, त्याची प्रतिक्रिया म्हणून डेमोक्रॅट मतदार पेटून बाहेर पडला, आणि राज्यात ६६ विरुद्ध ३४ असं भक्कम बहुमत असलेल्या रिपब्लिकनांच्या एकामागून एक सीटा पडायला लागल्या. ७ नोव्हेंबरच्या रात्री आणि नंतरच्या तपासणीत ९४ मधे यान्सी १० मतांनी पुढे. तिसरा एक छोट्या लिबर्टेरियन पक्षाचा उमेदवारही होता, त्याला काही शे मतं, पण अशा लढतीत ती काही शेच भारी पडतात हे आपल्याला अपक्षांच्या अनुभवावरून ठाऊक आहेच.

१० मतांचा फरक म्हणजे रिकाउंट मागायचा हक्क मिळतो. फरक १ टक्का किंवा कमी असला की हरलेला उमेदवार मागू शकतो, आणि फरक अगदीच किरकोळ असेल तर खर्च सरकारी. भारतात असं नाही, तिथे उमेदवाराने लेखी अर्ज करायचा आणि मानायचा की नाही ते रिटर्निंग ऑफिसर ठरवणार. इथे रिकाउंट कोर्टाच्या देखरेखीखाली, तीन न्यायाधीश, आणि प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांकडून आलेली माणसं जोडीने बसतात. १९ डिसेंबरला रिकाउंट झाला आणि आकडा आला सिमंड्स ११,६०८, यान्सी ११,६०७. एका मताने पालट! टीव्हीवर बातम्या झळकल्या, सभागृह ५०-५० झालं, पेढे वाटायचेच काय ते बाकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीश निकालावर सही करायला बसले तर एका रिपब्लिकन रिकाउंट अधिकाऱ्याचं पत्र आलेलं, की काल एक मतपत्रिका आम्ही बाद धरली ती मला पटलेली नाही. ती मतपत्रिका बाहेर काढली. तिच्यावर यान्सींचा गोल काळा केलेला होता आणि सिमंड्सचाही. म्हणजे दोघांना मत, ज्याला आम्ही ओव्हरवोट म्हणतो, सरळ बाद. पण सिमंड्सच्या गोलावरून एक तिरकी रेघ मारलेली होती. आणि त्याच कागदावर वर गव्हर्नरच्या, म्हणजे इथल्या मुख्यमंत्र्याच्या, जागी रिपब्लिकन गिलेस्पींचा गोल काळा केलेला आणि त्याच्यावर फुली. बाकीच्या पदांना सगळी मतं रिपब्लिकन. आता सांगा, ती रेघ म्हणजे "हे नको" का? मग गिलेस्पींवरच्या फुलीचा अर्थ काय लावायचा, तिथे तर दुसऱ्या कुणाचाच गोल भरलेला नव्हता. मी तो कागद फोटोत किती वेळा बघितला असेल, आणि मला आजही वाटतं की दोन्ही बाजूंनी तितक्याच प्रामाणिकपणे वाद घालता येतो. न्यायाधीशांनी ते मत यान्सींना दिलं. झालं, ११,६०८ आणि ११,६०८.

बरोबरी झाली की व्हर्जिनियाच्या कायद्यात एकच उपाय, चिठ्ठी. सिमंड्स पुन्हा कोर्टात गेल्या म्हणून २७ डिसेंबरची तारीख पुढे ढकलली, कोर्टाने नकार दिला आणि ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमधे राज्य निवडणूक मंडळाने सोडत काढली. पद्धत बघा, दोन नावं दोन चिठ्ठ्यांवर, त्या चिठ्ठ्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या दोन डब्यांत, आणि ते डबे एका निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात. वाडगा राज्याच्या कला संग्रहालयातून मागवलेला. मंडळाच्या अध्यक्षांनी हात घालून डबी काढली, नाव निघालं डेव्हिड यान्सी. सिमंड्स समोरच बसलेल्या होत्या. त्यांना आणखी एक रिकाउंट मागता आला असता, पण १० जानेवारीला, अधिवेशन सुरू व्हायच्या दिवशी, त्यांनी हार मान्य केली. सभागृह ५१-४९, स्पीकर रिपब्लिकन, समित्या रिपब्लिकनांच्या.

अर्थात या चिठ्ठीचं महत्त्व लोक जरा वाढवूनही सांगतात. "त्या एका चिठ्ठीने मेडिकेड अडवलं असतं" वगैरे तुम्ही ऐकाल. तसं झालं नाही. त्याच २०१८ मधे मेडिकेडचा विस्तार मंजूर झाला, जवळपास ४ लाख लोकांना विमा मिळेल असा, १ जानेवारी २०१९ पासून लागू. का, तर १५ सीटा गेल्यावर उरलेल्या रिपब्लिकनांतल्या बऱ्याच जणांना आपलं पुढचं दिसायला लागलं आणि फेब्रुवारीत त्यांच्यातल्या १९ जणांनी डेमोक्रॅटांबरोबर मत टाकलं. चिठ्ठीने खुर्ची कुणाची ते ठरवलं, पण धोरण हललं ते त्या १५ मतदारसंघांतल्या मतदारांनी हलवलं. हे माझं मत, राजकारणी लोक वेगळं सांगतील.

आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६५, मतं समसमान झाली तर चिठ्ठी, आणि जिंकणाऱ्याला एक मत जास्त मिळालं असं धरायचं. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या वॉर्ड २२० मधे शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा दोघांना ५,९४६ मतं, चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली. आणि राजस्थानात २००८ ला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने पडले, काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष माणूस, मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत नाव होतं. इथे अमेरिकेत तर चिठ्ठीनंतरही खात्री नाही, मिसिसिपीत २०१५ ला एका आमदारकीला ४,५८९ अशी बरोबरी झाली, काड्या ओढल्या, डेमोक्रॅटच्या हाती लांब काडी आली, तो जिंकला, आणि पुढे रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहानेच पाच मतं बाद ठरवून दुसऱ्याला बसवला!

पण मला विचाराल तर ९४ ची खरी गोष्ट वाडग्यात नाहीच. ती नकाशात आहे. निकाल लागून गेल्यावर मे २०१८ मधे वॉशिंग्टन पोस्टने बाहेर काढलं की ९४ मधल्या २६ मतदारांना शेजारच्या ९३ ची मतपत्रिका दिली गेली होती. त्यांचं घर ९४ मधे, पण रजिस्ट्रार ऑफिसच्या यादीत काही वर्षांपूर्वीच चुकीच्या बाजूला टाकलेलं. आणि ती वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, जिथे डेमोक्रॅटांना भरभरून मतं पडतात. बरोबरीत सुटलेल्या लढतीत २६ माणसं! त्या गरीब मतदारांना कळलंसुद्धा नाही, त्यांनी गोल भरला, मशीनने घेतला, स्टिकर लावून घरी गेले. त्याच निवडणुकीत फ्रेडरिक्सबर्ग-स्टॅफर्डच्या २८ नंबरमधे १४७ जणांना चुकीची मतपत्रिका मिळाली आणि फरक होता ७३ मतांचा. फेरनिवडणूक घ्या म्हणून लोक फेडरल कोर्टात गेले, न्यायाधीशांनी नाही म्हटलं. लबाडी कुणी केली नव्हती, नुसता पत्ता चुकीच्या रकान्यात.

हे कसं होतं ते सांगते कारण टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. मतदारसंघाच्या रेषा काढणारे लोक जनगणनेचे ब्लॉक घेऊन काढतात, त्या रेषा कधी रस्त्याच्या मधून जातात, कधी अपार्टमेंटच्या मागून. मतदान केंद्र मात्र एकच शाळा नाहीतर चर्च. मग एका केंद्रावर दोन प्रकारच्या मतपत्रिका ठेवायच्या, आणि माणूस समोर आला की पोलबुकमधे, म्हणजे केंद्रावरच्या मतदार यादीत, त्याच्या नावापुढे जो नंबर असेल त्या गठ्ठ्यातली द्यायची. पोलबुकात नंबरच चुकला असेल तर केंद्रावर कुणालाही काही वेगळं दिसत नाही, सगळं हिरवं. शेजारी शेजारी राहणारे दोघं जण एकामागे एक रांगेत असले आणि एकाने दुसऱ्याच्या कागदात डोकावलं तरच बोंब होते. पुढे राज्याने कायदा केला की शक्यतो एक मतदान केंद्र एकाच मतदारसंघात बसवा, त्याने हा त्रास बराच कमी झाला.

आणि रेषांचंच दुसरं प्रकरण त्याहून मोठं. २०११ चा नकाशा काढताना कृष्णवर्णीय मतदारांना मोजक्या मतदारसंघांत ठासून भरलं, म्हणजे तिथे डेमोक्रॅट प्रचंड मतांनी जिंकणार आणि आजूबाजूचे सगळे रिपब्लिकनांना सुरक्षित. १२ मतदारसंघांवर केस चालली, २०१८ मधे फेडरल कोर्टाने त्यातले ११ घटनाबाह्य ठरवले, विशेष तज्ज्ञाकडून नवा नकाशा काढून घेतला, आणि १७ जून २०१९ ला सुप्रीम कोर्टाने अपील तांत्रिक मुद्द्यावर फेटाळलं. ९४ त्या अकरांमधे नव्हता, पण शेजारचे होते, आणि शेजाऱ्याची भिंत हलली की आपलीही हलते. नोव्हेंबर २०१९ ला तिसऱ्यांदा यान्सी विरुद्ध सिमंड्स, आणि या वेळी साधारण ५८ टक्के विरुद्ध ४० टक्के. दोन वर्षांपूर्वी ज्या जागी सोडत काढावी लागली तिथे सिमंड्स बाई १७-१८ टक्क्यांनी आल्या! वारं डेमोक्रॅटांचं होतंच, यान्सींवर मतदार काही एकदम रुसले नव्हते, पण रेघ सरकली हे मुख्य कारण, निदान मला तरी तसंच दिसतं. त्या वेळी डेमोक्रॅटांनी सभागृह ५५-४५ ने घेतलं आणि मग फोटो आयडीची सक्ती गेली, कारण न देता ४५ दिवस आधीपासून मतदान करता यायला लागलं, २०२१ ला फाशीची शिक्षा रद्द झाली. कुणाला हे आवडलं, कुणाला नाही. २०२१ ला रिपब्लिकनांनी ५२-४८ ने परत घेतलं, २०२३ ला पुन्हा डेमोक्रॅट ५१-४९, २०२५ ला ६४-३६. म्हणजे बघा किती पटापट फिरतंय.

आता तुमच्या ७० आणि ९४ चा उलगडा. २०२० मधे लोकांनी घटनादुरुस्तीला कौल देऊन नकाशा काढायचं काम १६ जणांच्या आयोगाला दिलं, ८ आमदार आणि ८ नागरिक, दोन्ही पक्ष समसमान. समसमान माणसं बसवली की काय होणार, २०२१ च्या शरद ऋतूत ते भांडून उठले. मग काम राज्याच्या सुप्रीम कोर्टाकडे गेलं, त्यांनी दोन्ही बाजूंचा एकेक तज्ज्ञ नेमला आणि २८ डिसेंबर २०२१ ला नवा नकाशा मंजूर केला. त्यात नुसत्या रेषा नाही, नंबरही नव्याने टाकले. त्यामुळे सिमंड्स २०२३ ला निवडून आल्या त्या ७० मधून, आणि आजचा ९४ खाडीपलीकडे नॉर्फोकमधे आहे, तिथे फिल हर्नांडेझ. शेजारी जुना नंबर सांगतायत, कार्ड नवा. तुम्ही इंटरनेटवर ९४ शोधलंत तर जुन्या-नव्याची खिचडी मिळेल, जुने निकाल न्यूपोर्ट न्यूजचे आणि आताचा डेलिगेट नॉर्फोकचा, तेव्हा वर्ष बघितल्याशिवाय काही वाचू नका.

मत द्यायला जावं का, तर आकडाच सांगते. २०१६ ला राष्ट्राध्यक्षाच्या वेळी व्हर्जिनियात ७२ टक्के मतदान झालं, वर्षभरात २०१७ ला गव्हर्नर असूनही ४८ च्या आत, आणि २०१५ ला नुसते आमदार होते तेव्हा ३० टक्क्यांनाही पोचलं नाही. म्हणजे जो जातो त्याच्या मताचं वजन आपोआप दुप्पट. पुढची मोठी फेरी नोव्हेंबर २०२७, त्यात १०० डेलिगेट आणि ४० सेनेटर सगळे एकदम. पण तुमचा भाग एका पक्षाचा बालेकिल्ला असेल तर खरी लढत जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, होते, नोव्हेंबरला नुसती औपचारिकता. आणि व्हर्जिनियात मतदार म्हणून नाव घालताना पक्ष विचारत नाहीत, त्यामुळे कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मत देता येतं. आपले लोक प्रायमरीला जवळजवळ येतच नाहीत, मी टेबलावर बसून आपली आडनावं शोधत असते, दिवसभरात एखादं दिसतं. तरी आता हळूहळू बदलतंय, हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी २०१९ ला सेनेटर झाल्या आणि २०२५ ला लेफ्टनंट गव्हर्नर.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला कागदोपत्री ४० लाखांची मर्यादा तरी आहे, व्हर्जिनियात देणगीला मर्यादाच नाही. कंपनी असो की माणूस, कितीही द्या, फक्त जाहीर करा. व्हर्जिनिया पब्लिक अॅक्सेस प्रोजेक्ट म्हणून एक संस्था हे सगळं लोकांना बघता येईल असं मांडून ठेवते, तुमच्या डेलिगेटला कुणी किती दिले ते पाच मिनिटांत दिसतं. टपालात येणाऱ्या चकचकीत कार्डांपेक्षा ते बघा.

प्रत्यक्ष मत देताना काय सांभाळायचं ते आता. मतदान कागदावर, गोल काळा करायचा आणि स्कॅनरमधे स्वतः घालायचा. आधी काही काउंट्यांमधे टचस्क्रीन होते, सप्टेंबर २०१७ मधे, म्हणजे या निवडणुकीच्या दोन महिने आधी, राज्याने ते सगळे बंद केले, नाहीतर त्या तिरक्या रेघेवर वाद घालायला कागदच नसता. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी टिक मारतात, फुली मारतात, कुणी उमेदवाराच्या नावाभोवती सुबक गोल काढतात. स्कॅनरला हे कळेलच असं नाही. गोल पूर्ण भरा. चुकून दुसराच भरला तर खोडू नका, रेघ मारू नका, बाजूला "चूक झाली" असं लिहू नका, तसाच कागद घेऊन आमच्याकडे या आणि नवीन मागा. आम्ही जुन्यावर बाद असं नोंदवून पाकिटात घालतो आणि कोरा देतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन गोल भरलेला कागद घातला तर स्कॅनर टुणकन आवाज करून थांबतो आणि स्क्रीनवर विचारतो, परत हवा की असाच घेऊ? माणसं मागची रांग बघून गडबडतात आणि "घे" दाबून मोकळी होतात. तसं करू नका, परत घ्या. घरून टपालाने मत पाठवलंत तर तिथे टुणकन म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे पाकीट बंद करायच्या आधी सावकाश बघा.

नावाचाही घोळ होतो. केंद्रावर तुम्हाला नाव आणि पत्ता तोंडाने सांगायला लावतील. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कुठल्या फॉर्मवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, कुठे आडनावाआधी जोडलेलं, आणि टेबलावरची बाई बिचारी के-यू-एल-के अशी अक्षरं मारत बसते. लायसन्स किंवा वोटर कार्ड सरळ पुढे करा, त्यावरचं स्पेलिंग बघून दोन सेकंदात सापडतं. महिनाभर आधी राज्याच्या निवडणूक खात्याच्या साइटवर जाऊन आपलं नाव, पत्ता, केंद्र आणि डेलिगेटचा नंबर तपासा. घर बदललं असेल तर पत्ता आधीच बदला, मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते आता, पण मग मत तात्पुरतं म्हणून वेगळ्या पाकिटात जातं आणि नंतर त्याची तपासणी होते.

सासूसासऱ्यांचं मात्र कडक सांगते. ग्रीनकार्डवर मत नाही, नावनोंदणीही नाही, कुठल्याच निवडणुकीची. लायसन्स काढायला किंवा आयडी करायला गेल्यावर मशीन विचारतं मतदार नोंदणी करायची का, सिटिझन आहात का, आणि आपली माणसं इंग्रजीच्या भीतीने किंवा घाईत प्रत्येक ठिकाणी हो-हो करत जातात. ते एक "हो" पुढे नॅचरलायझेशनच्या, म्हणजे सिटिझनशिप घेण्याच्या, वेळी फाइलमधून वर येतं आणि वर्षानुवर्षांचं काम अडकतं, वाईट झालं तर देशाबाहेर जायची वेळ येते. त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः जा आणि तो प्रश्न आला की "नाही" दाबा. चुकून आधीच नोंदणी झाली असेल तर गप्प बसू नका, पण स्वतःच्या मनाने पत्रंही लिहीत बसू नका, आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि तो सांगेल तसं रजिस्ट्रारला कळवून नाव काढून घ्या. सासऱ्यांना आवड असेल तर उमेदवाराच्या सभेला खुशाल घेऊन जा, प्रश्न विचारायला सिटिझन असावं लागत नाही.